बोट उचला

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत म्हातारी माणसे दिसू लागत. कुणी काठी टेकत येई, कुणी नातवाच्या मोटरसायकलवर मागे घट्ट धरून, कुणी नुसतेच भिंतीच्या आधाराने. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते, आणि हयातीचा तो दाखला ईरप्पा हत्तुरे यांच्या पुढच्या खोलीतल्या संगणकावर निघे. आधार क्रमांक टाकायचा, तपकिरीच्या डबीपेक्षा थोड्या मोठ्या एका यंत्राच्या काचेवर बोट ठेवायचे, काचेखाली तांबडा दिवा लागायचा, आणि कुठल्याशा दूरच्या शहरातल्या यंत्राने ‘हाच तो माणूस’ म्हणून मान डोलावली की पुढच्या नोव्हेंबरपर्यंत त्याच्या जिवंतपणाला कुणी हरकत घेत नसे. गल्लीतले लोक त्या डबीला ‘थंब’ म्हणत, मग तिच्यावर अंगठा ठेवलेला असो की तर्जनी.

ईरप्पा मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, शाळेत मराठी, अशा दोन भाषांच्या उंबऱ्यावर वाढलेले. सोलापुरातल्या एका शाळेत लिपिक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांच्या हातून झालेले काम एका शब्दात सांगायचे तर हजेरीचे. शिक्षक रजेवर गेले की वर्गात जाऊन हजेरी घ्यायलाही त्यांनाच पाठवत. मागच्या बाकावरून एखादा पोरगा गैरहजर मित्राच्या नावाला ‘हजर’ म्हणाला तर ईरप्पा मान वर न करता लेखणी थांबवत. वर्ग गप्प होई. ते रागावत नसत. फक्त पुन्हा ते नाव घेत आणि वाट पाहत. आवाज आणि माणूस ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही, हे त्यांना त्या नोकरीने शिकवले होते.

निवृत्तीनंतर मुलगी राजेश्वरी बंगळुरूला राहायला गेली तेव्हा आपला जुना संगणक मागे ठेवून गेली. त्यावर हयातीचे दाखले काढण्याची कल्पना ईरप्पांची. ते काम तडीस गेले मात्र त्यांच्या पत्नीमुळे, नीलम्मांमुळे. कारण सोलापूरच्या म्हाताऱ्या बोटांवर रेषा शिल्लक नसतात. काहींच्या कापडाच्या मागात गेलेल्या, काहींच्या धुण्याभांड्यांत, आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या तर तेंदूच्या पानांनी आणि तंबाखूच्या भुकटीने घासून घासून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. बोट ठेवले की पडद्यावर पांढरा डाग उमटे. ‘बोट येत नाही,’ असे ईरप्पा म्हणत. मग नीलम्मा आपले स्टूल पुढे ओढत. त्या म्हातारीचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेऊन कोमट पाण्यात बुडवत, पदराने टिपत, बोटाच्या पेराला खोबरेलाचा नुसता वास लावल्याइतका हात फिरवत, आणि आपले बोट तिच्या बोटावर ठेवून काचेवर अलगद दाबत. बोट येई. कोणत्या माणसाचे बोट नेमके किती दाबायचे हे त्यांनाच कळत असे. मराठी त्यांना भराभर वाचता येत नसे. पडद्यावर जे उमटे ते ईरप्पा कानडीत सांगत आणि त्या मान हलवत.

यंदा दसरा झाला आणि दिवाळीच्या आधीच नीलम्मा लिंगैक्य झाल्या. दुपारी भाकरीचे पीठ मळून झाकून ठेवले, थोडे आडवे व्हावे म्हणून गेल्या, आणि उठल्या नाहीत. राजेश्वरी आली, राहिली, रडली, ‘बाबा, तिकडं चला’ म्हणाली आणि परत गेली. त्या दिवसांत संगणकाला कुणी हात लावला नाही.

नोव्हेंबर लागल्यावर ईरप्पांनी तो सुरू केला, आणि आतला पंखा असा ओरडू लागला की ते खुर्चीसकट मागे सरकले. 

पडद्यावर काहीही उघडलेले नव्हते. नुसते निळे आकाश आणि कोपऱ्यात वेळ. तरीही डब्याच्या पोटातून भट्टी फुंकल्यासारखा आवाज येत राहिला, आणि माउसचा बाण चिखलातून चालावा तसा सरकू लागला. राजेश्वरीने शिकवले होते त्याप्रमाणे त्यांनी टास्क मॅनेजर उघडला. संगणकाला कोण किती राबवतो हे तिथे दिसते. सगळ्या प्रोग्रामांपुढे शून्य होते, आणि एकाच ओळीपुढे आकडा चढत होता: ‘सिस्टम इंटरप्ट्स’. त्या ओळीवर बाण नेऊन ती बंद करू म्हटले तर यंत्र ऐकेना. कुणाचेच नसलेले काम चालले होते, आणि ते थांबवण्याचा अधिकार ईरप्पांना नव्हता.

नेमकी त्याच सकाळी सोजरबाई आली.

सोजरबाई कुंभारीच्या घरकुल वसाहतीतून शेअर रिक्षाने येई. हयात विड्या वळण्यात गेलेली. आता ना दात शिल्लक ना बोटांवरच्या रेषा, पण तोंड शाबूत. दरवर्षी ती नीलम्मांकडूनच बोट आणवून घेई. गेल्या साली तेवढी लेकीच्या गावी होती म्हणून तिकडच्या माणसाकडे गेली, तिथे बोट आले नाही, आणि तिचे निवृत्तिवेतन बंद पडले.

‘‘अण्णा, मागच्या बारीला बँकेत म्हनले, बाई तुमी मेलाय,’’ दारातच बसकण मारत ती म्हणाली. ‘‘म्हनलं, कवा? मला कुनी मयतीला सुदिक बोलावलं न्हाय की.’’

ईरप्पा क्षीण हसले. तिला ठाऊक होते. उंबऱ्याशीच तिने एकदा आत पाहिले, रिकाम्या स्टुलाकडे पाहिले, आणि नजर काढून घेतली.

‘‘अक्काचं कळलं मला. यायला जमलं न्हाय. गुडघा लई धरतोय.’’ मग गुडघा चोळत, ‘‘अवंदा माझं करून द्या अण्णा. सहा म्हयनं खेटं घातल्यावर जित्ती झाले मी. आता परत मरायला अंगात जोर न्हाय. महिनाअखेरीच्या आत कागद गेला पायजे, न्हाय तर फुडं कुनी ऐकून घेनार न्हाय म्हनलेत.’’

ईरप्पांनी तिचा क्रमांक टाकला आणि दाखल्याचा प्रोग्राम उघडला. थंब टेबलाच्या कडेला नीलम्मांच्या बाजूस होता, त्यावर त्यांनीच क्रोशाने विणलेला लोकरीचा जाळीदार रुमाल. तो बाजूला करण्यासाठी ईरप्पांनी हात पुढे केला तोच पडद्यावर चौकट आली आणि त्यांचा हात हवेत राहिला.

चौकटीत लिहिले होते: ‘कृपया बोट उचला.’

सोजरबाईचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

‘‘काय म्हनतंय?’’ तिने विचारले. तिला वाचता येत नव्हते.

‘‘थांबा म्हणतंय,’’ ईरप्पा म्हणाले. का कुणास ठाऊक, त्यांना खरे सांगवले नाही. त्यांनी चौकट बंद केली. ती पुन्हा आली. पंखा किंचाळत राहिला. अखेर सगळा पडदा गोठला आणि त्यांना मुख्य बटण दाबून संगणक बंद करावा लागला. यंत्र आजारी आहे, दुरुस्त करून घेतो आणि निरोप पाठवतो, असे सांगून त्यांनी सोजरबाईला परत पाठवले.

सात रस्ता चौकाच्या अलीकडे, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर गुफरानचे संगणक-दुरुस्तीचे दुकान आहे. ईरप्पांच्या शाळेत शिकलेला, आता दोन मुलांचा बाप. ईरप्पांनी रिक्षात मांडीवर धरून आणलेला संगणकाचा डबा त्याने टेबलावर ठेवला, उघडला, फुंकणीने धूळ काढली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला, व्हायरसची तपासणी केली, आणि आपल्या पडद्याला जोडून तो सुरू केला. डबा मांजरासारखा गप्प.

‘‘बघा की काका. दोन टक्के. एकदम थंड.’’

ईरप्पांनी तो घरी आणला, तारा लावल्या, सुरू केला. पहिल्या मिनिटातच भट्टी पेटली.

दुसऱ्यांदा तो सात रस्त्यावर गेला, पुन्हा गप्प. गुफरानने दिवसभर चालू ठेवून पाहिला, त्यावर सिनेमा लावला, दोन गिऱ्हाइकांना दाखवला. संध्याकाळी ईरप्पा न्यायला आले तेव्हा तो डोके खाजवत होता.

‘‘काका, राग मानू नका. ह्याला आमच्याकडं काही होत नाही. तुमच्या घरातच काहीतरी हाय.’’

हे तो विजेच्या अर्थिंगबद्दल बोलत होता. ईरप्पा मात्र घरी येईपर्यंत त्या वाक्याची उलटसुलट घडी घालत राहिले. रिक्षा बाळीवेशीत वळली तेव्हा मांडीवरचा डबा गार होता, आणि तो आपण पुन्हा कुठे नेतो आहोत असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी गुफरानचाच फोन आला. झोपेत सुचले म्हणाला. दुकानात नुसता डबा येतो. बाकीचे सगळे घरीच राहते.

‘‘वायरस-बियरस कुछ नै काका. ते सिस्टम इंटरप्ट्स म्हणजे प्रोग्राम नव्हेच. असं समजा, प्रोसेसर म्हणजे ऑफिसातला साहेब. माउस, कीबोर्ड, प्रिंटर, कुणालाही काही सांगायचं असलं की बेल मारायची. साहेब हातातलं काम टाकून बघणार. आता तुमच्याकडं कुणीतरी बेलवरचं बोटच काढत नाही. साहेब सारखा उठतोय, बसतोय. म्हणून तापतोय. हार्डवेअर हाय हे, शंभर टक्के.’’

‘‘मग करायचं काय?’’

‘‘एकेक तार काढा. काढली की आकडा बघा. ज्याची काढल्यावर आकडा पडंल, तो आपला माणूस.’’

दुपारची वेळ होती. गल्लीत वर्दळ नव्हती. समोरच्या घरात कुणीतरी शेंगा कुटत होते, तेही थांबले. ईरप्पांनी टास्क मॅनेजर उघडून ठेवला आणि टेबलाच्या मागे वाकून आधी प्रिंटरची तार काढली. आकडा तसाच. मग कॅमेरा, ज्यातून राजेश्वरी आईशी बोलायची. तसाच. मग स्पीकर, गुफरानने फोनवर सांगितल्याप्रमाणे आवाज खुलवणारी संगणकातली सोयही बंद करून पाहिली. कीबोर्ड काढला. माउस काढला. पडद्यावरचा बाण निश्चल झाला, आणि त्या बाणाखाली आकडा मात्र वर जात राहिला. आता यंत्राला बाहेरून सांगण्यासारखे ईरप्पांकडे काही उरले नव्हते, आणि तरी त्याच्याशी कुणीतरी बोलत होते.

एकच तार राहिली होती. ती आपण मुद्दाम शेवटी ठेवली हे त्यांना आता जाणवले. 

क्रोशाच्या रुमालाच्या भोकाभोकांतून तांबडा उजेड येत होता. दिवसाच्या प्रकाशात तो इतके दिवस दिसला नव्हता, किंवा दिसूनही त्यांनी पाहिला नव्हता. थंबचा दिवा फक्त बोट ठेवल्यावर लागतो. त्यांनी रुमाल उचलला.

काचेवर बोट होते.

म्हणजे बोटाचा ठसा. पण पहिल्या क्षणी त्यांना तो ठसा वाटला नाही. पांढरट करड्या विभूतीत उमटलेले एक अख्खे पेर, रेषा न् रेषा मोकळी, खालून तांबडा प्रकाश आल्यामुळे आत रक्त फिरावे तसे उजळलेले. खंडेनवमीला नीलम्मा घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करत: विळी, अडकित्ता, शिलाईचे यंत्र, ईरप्पांचा चष्मासुद्धा. कानडीत त्या त्याला आयुधपूजा म्हणत. संगणक आल्यापासून तोही रांगेत बसला होता. पडद्याच्या चौकटीवर तीन बोटांनी विभूतीचे आडवे पट्टे ओढायचे, आणि थंबला कपाळ नाही, तेव्हा त्याच्या काचेवर एकच बोट टेकवायचे. यंदा त्यांनी समईला तेल घालून तसाच हात विभूतीच्या डबीत घातला असणार. तेलाने रेषा धरल्या, विभूतीने त्या दाखवल्या, वर रुमाल पडला, आणि वाऱ्यानेही त्याला धक्का लावला नाही. 

ईरप्पांनी तार काढली. पंखा दीर्घ श्वास सोडल्यासारखा खाली आला.  त्यांनी तार पुन्हा लावली. दिवा लागला, आकडा चढला.

कीबोर्ड आणि माउस जोडून त्यांनी दाखल्याचा प्रोग्राम उघडला. ह्या वेळी त्यांनी चौकट बंद केली नाही. कोपऱ्यात बोटाचे चित्र उमटले होते, शंखाकृती, आणि त्याला वरून खाली छेदून जाणारी एक तिरपी रेघ. राजेश्वरी पोटात असताना नीलम्मांना विळीवर कांदा कापताना लागलेले. टाके घालायला ईरप्पांनीच नेले होते. खाली तेच शब्द: ‘कृपया बोट उचला.’

पडद्यावर आलेले मराठी कानडीत सांगण्याची जिभेला सवय होती.

‘‘नीला, बेरळ तेगी,’’ ते म्हणाले.

आपण काय बोललो हे कळायच्या आधी ते स्टुलाकडे पाहून थांबले होते, उत्तराला लागतो तेवढा वेळ. चौकट गेली नाही. यंत्राच्या लेखी बोट अजून तिथेच होते.

नीलम्मांना, रिवाजाप्रमाणे, मातीत बसवले होते. अग्नी दिलेला नव्हता. त्यामुळे त्यांची अशी राख कुठे नव्हती, नदीला नाही की कलशात नाही. घरात राख होती ती एवढीच, आणि ती त्यांच्या बोटाच्या आकारात उभी होती.

संध्याकाळी गुफरानला त्यांनी सापडले म्हणून कळवले. ‘‘अरे, मग काच पुसा की ओल्या फडक्यानं,’’ तो म्हणाला. ‘‘एका मिनिटाचं काम.’’ पुसतो, असे ईरप्पा म्हणाले. नवा थंब आणला तर? आणता येईल, पण तो नोंदवून चालू व्हायला पुढचा महिना उजाडेल. नोव्हेंबरात सगळ्यांचीच गर्दी असते. ‘‘पण पुसा ना काका, नव्याचं काय काम?’’

ईरप्पांनी पुसले नाही.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते बाहेरून पाहणाऱ्याला नीट सांगता आले नसते. सकाळी आंघोळ, इष्टलिंगाची पूजा, चहा, आणि मग ते संगणक सुरू करत. पंखा ओरडू लागे. त्या आवाजाची त्यांना आधी भीती वाटली होती. आता तो सुरू होईपर्यंतचे क्षण जड जाऊ लागले. डबा इतका तापे की त्याच्यावर तळहात टेकवला तर अंगात ताप असलेल्या माणसाच्या पाठीसारखा लागे. दाखल्यासाठी आलेल्यांना ते दारातूनच, यंत्र बिघडले आहे, दुसरीकडे पाहा, असे सांगत. आतून येणारा आवाज त्यांच्या बोलण्याला दुजोरा देई. कधी ते टास्क मॅनेजर उघडून नुसते त्या ओळीकडे बघत बसत. एकदा जेवताना त्यांनी दोन ताटे घेतली आणि एक परत ठेवले. एकदा पंखा क्षणभर मंदावला तेव्हा ते घास तसाच टाकून उठले, आणि काचेवर वाकून, श्वास लागून विभूती उडू नये म्हणून तोंडावर हात धरून पाहत राहिले. दिवा लागलेला होता. 

त्यांना कळत नव्हते असे नाही. हजेरी घेणाऱ्या माणसाला हे कळतेच. तेल, भुकटी, प्रकाश आणि फसलेले यंत्र. मागच्या बाकावरून कुणीतरी दुसऱ्याच्याच नावाला ओ देत होते. लेखणी थांबवून पुन्हा एकदा नाव घ्यावे आणि वाट पाहावी, की झाले. तेवढे मात्र त्यांच्याने होत नव्हते. आणि सोजरबाईला त्यांनी निरोप पाठवलेला नव्हता.

महिन्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी ती निरोपाशिवाय आली.

‘‘यंत्र अजून—’’ ईरप्पा म्हणाले.

‘‘मग ह्ये काय वाजतंय?’’ ती उंबरा ओलांडून आत आली. ‘‘गल्लीच्या तोंडापासनं ऐकतीया. अण्णा, आज शेवटचा दिस हाय. मी दुसरीकडं जाऊन आले. दोन ठिकानी. बोट येत न्हाय म्हनले. एक पोरगी तर म्हनली, आजी तुमाला बोटंच न्हाईत.’’ तिने आपली दहाही बोटे त्यांच्यासमोर पसरून दाखवली, आणि ती हसली नाही. ‘‘अक्का असती तर आनलं असतं. आता तुमीच काय ते करा. न्हाय जमलं तर तसं सांगा. मी जाऊन पडते.’’

ईरप्पांनी बोलायला तोंड उघडले. ‘नाही जमत’ एवढेच म्हणायचे होते. ते शब्द ओठांशी आले आणि त्यांच्या लक्षात आले, की हे म्हणणे म्हणजे ह्या बाईच्या नावापुढे आपल्या हाताने गैरहजर लिहिणे. ते गप्प राहिले. सोजरबाईने ते गप्प राहणे होकार धरले. ती नीलम्मांच्या स्टुलावर बसली, वर्षानुवर्षे पाहिलेल्या सवयीने थंब पुढे ओढला आणि रुमाल काढला.

‘‘अगं बाई,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘अंगारा हाय व्हय. अक्काच्या हातचा?’’

‘‘सोजरबाई, थांबा—’’

पण देवाच्या जागी अंगारा दिसल्यावर हात थांबत नाही. तिथे विचार पोचायच्या आधी हात पोचतो. सोजरबाईने डोक्यावर पदर घेतला, तर्जनी काचेवर टेकवली, खालून वर अशी निपटून विभूती उचलली, कपाळाला लावली, उरलेली गळ्याला लावली, आणि डोळे मिटून हात जोडले.

पंखा थांबला.

हळूहळू नव्हे, मधेच कुणीतरी बोलणे तोडावे तसा. तांबडा दिवा विझला. पडद्यावर आकडा कोसळून एकावर येऊन टेकला. ईरप्पा अर्धवट उठलेले होते, ते तसेच टेबलाची कड धरून उभे राहिले. त्यांना ओरडावेसे वाटले, पण कुणावर? समोर एक म्हातारी बाई डोळे मिटून बसली होती आणि तिच्या कपाळावर ओला करडा पट्टा होता. इतके दिवस जे काचेवर होते ते आता तिथे होते. रेषा नव्हत्या, नुसता स्पर्श.

तिने डोळे उघडले. ‘‘आवाज गेला की,’’ ती म्हणाली. मग पडद्याकडे बोट करून, ‘‘आता काय म्हनतंय?’’

ईरप्पांनी वाचले. वाचायला थोडा वेळ लागला.

‘‘बोट ठेवा म्हणतंय.’’

ईरप्पांनी तिचा क्रमांक टाकला आणि तिने तेच बोट ठेवले. ते आले नाही. पडद्यावर पांढरा डाग, त्यात राखेचे दोनचार ठिपके. तिने निमूटपणे ते उचलले, पुन्हा ठेवले, पुन्हा डाग. मग ईरप्पा टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आले. उभ्या आयुष्यात त्यांनी दाखल्यासाठी आलेल्या कुणाचा हात धरला नव्हता. त्यांनी वाटीत कोमट पाणी आणले, तिचे बोट त्यात बुडवले, टिपले. टिपतानाही नखाच्या कडेला आणि पेराच्या भेगांत थोडी विभूती राहिली. तेल लावावे की नाही ह्याचा त्यांना निर्णय करता येईना, लावले नाही. तिच्या बोटावर आपले बोट ठेवून त्यांनी दाबले, फार दाबले असे वाटून थोडे सैल केले, आणि तिथेच धरून ठेवले.

तांबडा दिवा लागला. पडद्यावर चित्र उमटले. 

एवढे स्पष्ट बोट सोजरबाईचे कधीच आले नव्हते. रेषा बारीक, ठसठशीत. आणि त्यांना छेदून वरून खाली जाणारी एक तिरपी रेघ.

ईरप्पा ती रेघ पाहत असतानाच चित्र गेले आणि त्या जागी हिरवी खूण आली. सोजरबाई हयात होती. दूरच्या यंत्राने तसे मान्य केले होते.

‘‘आलं व्हय?’’

‘‘आलं.’’

‘‘लगीच?’’ ती आपल्या बोटाकडे पाहत राहिली.

‘‘ह्या बोटाला कधी कापलं होतं का तुमच्या?’’ ईरप्पांनी विचारले.

‘‘ह्ये घ्या आता. इडीवालीच्या बोटाला इचारताय. कातर लागती, सुतळी लागती, कुठलं कुठलं ध्यानात ठिवू?’’ असे म्हणून तिने बोट त्यांच्यापुढे धरले, पाहून घ्या म्हणून. 

ईरप्पांनी चष्मा काढला आणि तो सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले. पुसून होईपर्यंत सोजरबाईने हात पदराखाली घेतला होता आणि गुडघ्यावर जोर देऊन ती उठली होती. त्यांनी पुन्हा मागितले नाही.

‘‘येते अण्णा. आता वरीसभर कुनाच्या बापाला भीत न्हाय.’’

ती गल्लीतून जाताना ते दारात उभे होते. समोरच्या घरातल्या बाईने तिला विचारले, कुठल्या देवाला जाऊन आलात आजी, आणि सोजरबाईने कपाळाला हात लावून काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना ऐकू आले नाही.

आत आल्यावर घर मोठे झाल्यासारखे वाटले. संगणक चालू होता की बंद हे पाहण्यासाठी त्यांना पडद्याकडे पाहावे लागले. डबा निवत चालला होता; त्याच्या पत्र्यातून निवताना होतो तसा एक बारीक टक् आवाज झाला आणि पुन्हा काही नाही. फोन वाजला तेव्हा ते दचकले.

‘‘काका, झालं का तुमचं?’’ गुफरान होता.

‘‘झालं.’’

‘‘मग? बोल्लो होतो ना मी. हार्डवेअरच होतं.’’

‘‘हो,’’ ईरप्पा म्हणाले. ‘‘हार्डवेअरच.’’

‘‘नवीन थंब मागवून ठेवू का, पुढं त्रास नको?’’

ईरप्पांनी टेबलाकडे पाहिले.

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘आता तिथं कुणी नाही.’’

पलीकडे गुफरान बरं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. दिवस अजून बराच उरला होता. दारातून परत पाठवलेली माणसे कोणकोण होती हे ईरप्पा आठवू लागले. नावे एकामागून एक येत गेली, आणि त्यांनी पहिला फोन लावला.